राखणीतली मळई

"चपला होडीतच ठेव," द्वारकाबाय म्हणाली. "चिखल चप्पल ठेवून घेतो आणि माणसाला सोडतो. ती पिशवी पण गळ्यात नको, डोक्यावर घे. पडलीस तर तू धुऊन निघशील, ते यंतर नाय निघायचं."

यंतर म्हणजे पाहणीच्या नोंदींसाठी, अहवाल तयार करणाऱ्या कार्यालयाने दिलेला टॅब्लेट. मी तो डोक्यावर धरला आणि होडीच्या काठावरून पाय खाली सोडला. गुडघ्यापर्यंत गेला. मागून घवाळी हसले.

"अभ्यंकर मॅडम, पहिली डुबकी इथे सगळ्यांना माफ असते."

"तुमच्या किती झाल्या?"

"माझी एकच. दोन वर्षं चालू आहे."

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, पौर्णिमेनंतरचा दिवस, सकाळचे साडेसहा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेवाडी गावासमोर, खाडीत, ओहोटीला चाळीसेक हेक्टर चिखल उघडा पडतो. त्याला गावात मळई म्हणतात. तिच्या उत्तरेकडच्या निम्म्या भागात दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने कांदळाच्या शेंगा रोवल्या होत्या. कांदळवन हवेतला कार्बन घेऊन मुळांखालच्या चिखलात शेकडो वर्षं धरून ठेवतं. हे खरं आहे, त्यावरच माझी पीएच.डी. आहे. कुठल्याशा परदेशी विमान कंपनीचे प्रवासी तिकीट काढताना एका चौकोनात खूण करत, आणि त्यांच्या वाट्याच्या धुराबद्दल इथे शेंगा रोवल्या जात.

माझं काम दोन सकाळींचं होतं. त्या संस्थेबाहेरची तज्ज्ञ म्हणून पहिल्या दिवशी किती रोपं जगली ते मोजायचं, आणि दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडचा उरलेला निम्मा भाग लागवडीला मोकळा आहे का ते सांगायचं. घवाळी संस्थेचे समन्वयक होते. पन्नाशीचे, तालुक्याचेच. द्वारका कासेकर होडी चालवायची. कागदोपत्री तिला 'स्थानिक मार्गदर्शक' म्हटलं होतं. साठीच्या पुढची, काटक. पहिल्या पाच मिनिटांतच तिने मला 'मॅडम' म्हणायचं सोडून दिलं होतं.

आम्ही दहा मीटरच्या वीस चौकटी आखल्या. प्रत्येकीत शंभर शेंगा रोवल्याची नोंद होती. मी मोजायची, घवाळी दोरी धरायचे, द्वारकाबाय काठीने पुढचा चिखल चाचपायची. पहिल्या चौकटीत एकतीस हिरव्या दिसल्या. मी त्यांतली एक हळूच उपटली. हाताएवढी लांब, गुळगुळीत शेंग अलगद वर आली. खाली एकही मूळ नव्हतं.

"ही गेल्या महिन्यातली आहे," मी म्हणाले.

घवाळींनी दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "वरून निरोप आला होता. पाहणीच्या आधी गाळलेल्या जागा भरून घ्या. मी भरून घेतल्या."

"आणि मी रोवल्या," द्वारकाबाय म्हणाली. "माझ्याकडे पण बघ की जरा रागाने, एकट्या त्यांच्याकडे काय बघतेस?"

"तुम्हाला माहीत होतं, जगणार नाहीत?"

"शेंगेच्या पोटात तिची शिदोरी असते गो. दोन महिने बसून खाते आणि हिरवी राहते. शिदोरी संपली की काळी. नवऱ्याच्या घरी नवी सून असते तशी. पहिले दोन महिने काय कळत नाय."

नव्या शेंगा वगळून मी पुन्हा मोजलं. वीस चौकटींत दोन हजारांपैकी दोनशे चौदा जिवंत. खुणेची काठी रोवून पाण्याची पातळी घेतली, तेव्हा कारणही स्वच्छ दिसलं. मळई फार खाली होती. तिथे दिवसाचे सोळा-सतरा तास पाणी राहत होतं. कांदळाच्या रोपाला एवढा वेळ श्वास कोंडून राहता येत नाही. ती जागा कांदळाची नव्हतीच.

"तिकडे लावा," द्वारकाबायने गावाच्या बाजूला बोट केलं. फुटलेल्या बांधाआड खाजणाची, खाडीचं पाणी अडवून केलेली, जुनी भातजमीन होती आणि तिच्यात आपोआप उगवलेले खारफुटीचे तिवर माणसाच्या उंचीचे झाले होते. "तिकडे लावलंत तर गावाला आडोसा होईल. पाणी वर चढायला लागलंय. सातेरीच्या देवळाची खालची पायरी मी लग्न होऊन आले तेव्हा कधी भिजली नव्हती. आता दर उधाणाला भिजते. शेंगांना माझा इरोध नाय गो, पण जागेवर लावा."

"मावशी, त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बत्तीस नावं आहेत," घवाळी म्हणाले. "निम्मे मुंबईत, चार जण वारले. सह्या कोण आणणार? मळई कशी, कुणाच्याच नावावर नाही."

"कुणाच्या नावावर नाय म्हणजे कुणाची नाय?"

घवाळी दोरी गुंडाळायला लागले. पाणी परत फिरायच्या आत मी दक्षिणेकडचा भाग नुसता पाहून यायचं ठरवलं.

तो भाग इतका गुळगुळीत होता की आभाळ त्यात उतरल्यासारखं दिसत होतं. पक्ष्यांच्या पायांच्या बारीक नक्षीशिवाय त्यावर काही नव्हतं. मधोमध एक खुंट, त्याला लाल फडकं. माणसाचं एकही पाऊल नाही. टॅब्लेटवरचा रकाना होता: 'सध्याचा वापर'. संस्थेच्या मूळ प्रस्तावात या भागाला 'अवापरित चिखलभूमी' म्हटलं होतं आणि मला समोर तेच दिसत होतं.

"इथे कुणी येत नाही?" मी विचारलं.

द्वारकाबायने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिच्या घरात उभं राहून इथे कुणी राहत नाही का असं विचारलं होतं.

"राखण हाय," ती म्हणाली.

दुपारी घवाळी आणि मी तिच्या घरी जेवायला बसलो तेव्हा तिने ते नीट सांगितलं. गावातल्या भोयांच्या चौदा घरच्या बायका मळईवर तिसऱ्या, म्हणजे चिखलातले खायचे शिंपले, काढतात. त्यावरच चुली चालतात. पण संक्रांतीला सातेरीपुढे नारळ ठेवून मळईच्या मध्यावर खुंट रोवतात. त्यानंतर शिमग्यापर्यंत तिथे कुणी पाऊल टाकत नाही. तेव्हा चिखलात तिसऱ्यांची पोरं असतात, तांदळाच्या कणीएवढी. पाय पडला की चिरडतात. त्या दिवसांत भोयांच्या घरात तिसऱ्या शिजत नाहीत. माझ्या ताटातही भात आणि सुकटीची चटणी होती.

"उत्तरेकडे शेंगा लावल्या तेव्हा गप बसलो," ती म्हणाली. "म्हटलं, निम्मी जाऊ दे, निम्मी हाय. आता ती पण गेली तर आम्ही काय शेंगा खायच्या?"

घवाळी ताटाकडे बघून म्हणाले, "मावशी, हे जगासाठी चाललंय. तिकडे माणसं विमानातून फिरतात, त्यांचा धूर..."

"त्यांचा धूर आमच्या चिखलात पुरायचा?"

"असंच काहीसं."

"मग विमान पण इथंच उतरवा. आम्ही बघू तरी कसं असतं ते."

घवाळींना हसू आलं. मलाही. तिला नाही आलं. ती माझ्याकडे वळली.

"तू लिहिशील ना बाय? मळई रिकामी नाय म्हणून?"

मी तिला प्रामाणिकपणे उत्तर दिलं. प्रत्येक शब्द आठवतो. "मावशी, मी ऐकलेलं लिहू शकत नाही. मला जे दिसेल तेच लिहिता येतं. आज तिथे मला एकही पाऊल दिसलं नाही."

तिने भाताचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "उद्या किती वाजता येशील?"

"ओहोटी पाऊण तास उशिरा आहे. सव्वासातला."

"ये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी होडीवर ती नव्हती. तिचा दीर आम्हाला घेऊन गेला. मळई जवळ आली तेव्हा लाल फडक्याचा खुंट दिसेना. मग बायका दिसल्या. चौदा जणी, काष्टे मारून, कमरेला टोपल्या बांधून, मळईच्या कडेला ओळीने उभ्या. द्वारकाबाय सगळ्यांत पुढे. खुंट तिच्या हातात होता. तिने तो होडीत आडवा ठेवला आणि त्यावर आपला पदर टाकला.

"पहाटे नारळ देऊन आलो," ती म्हणाली. "आईला सांगितलं, एक दिवसाचा गुन्हा पदरात घे. चल, बघ आता."

त्या उतरल्या. सगळ्यांत म्हातारी होती तिला गंगूआत्या म्हणत. तिने आधी बोटभर चिखल कपाळाला लावला, मग पाऊल टाकलं. मी मागोमाग चालत होते. पायाखाली एक बारीक कुरकुर ऐकू येत होती, वाळलेला पापड ओल्या फडक्यात दाबावा तशी. मला वाटलं, शिंपल्यांचा जुना चुरा असेल. मी वाकून मूठभर चिखल उचलला आणि बोटांवर पसरला. कण्या होत्या. काही अजून मिटलेल्या होत्या.

"थांबवायचं का?" घवाळी हळू आवाजात म्हणाले.

मी थांबवलं नाही. मला वीस चौकटी पाहायच्या होत्या.

थोड्या वेळाने बायका सैल झाल्या. एक जण ओरडली, "ए बाय, फोटो काढ ना! माझी डावी बाजू घे, उजवीकडचे दात पडलेत."

"तुझी डावी बाजू पण तुझ्या नवऱ्याने बघितली नाय कधी," दुसरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मी फोटो काढला. चौदा बायका, टोपल्या, मागे खाडी. त्यांच्या टोपल्यांत त्या दिवशी फारसं काही नव्हतं. त्या वाकत होत्या, हात चिखलात घालत होत्या आणि सापडलेलं परत ठेवत होत्या.

वीसपैकी सतरा चौकटींत पाऊलखुणा मोजल्या. टॅब्लेटवरच्या नियमाप्रमाणे निम्म्यापेक्षा जास्त चौकटी म्हणजे 'मानवी वावर: उच्च'. ते खरं होतं. मी खूण केली. पुढचा रकाना होता 'वारंवारता' आणि त्यात तीन पर्याय: क्वचित, हंगामी, रोज.

खरं उत्तर 'हंगामी' होतं. पण अशा अहवालांचं विश्लेषण मी पाहिलं होतं. हंगामी वापराला निम्मा भार देतात आणि जागा मोकळीच धरतात. मी बायकांकडे पाहिलं. मग 'रोज'वर बोट ठेवलं.

घवाळी खांद्यावरून बघत होते. "मॅडम, राखण आहे ना?"

"असू दे," मी म्हणाले.

माझ्या नोकरीच्या बावीस वर्षांत मी भरलेली ती एकच खोटी नोंद. शेऱ्यांच्या जागेत मात्र मी सगळं खरं आणि सविस्तर लिहिलं. उत्तरेकडची रोपं जमीन खाली असल्यामुळे मेली. पातळीचे आकडे दिले. खाजणाची जागा योग्य असल्याचं लिहिलं. राखणीबद्दलही लिहिलं. पाचशे अक्षरांची मर्यादा होती, म्हणून दोनदा छाटून लिहिलं. परत जाताना होडीत मला हलकं वाटत होतं. द्वारकाबायने पाय धुवायला स्वतः पाणी ओतलं.

"दिसलं ना?" तिने विचारलं.

"दिसलं."

मे महिन्यात अहवाल आला. एकशे सेहेचाळीस पानं. माझे आकडे परिशिष्ट चारमध्ये होते, एकही बदललेला नव्हता. दोन हजारांपैकी दोनशे चौदा. मानवी वावर उच्च. वारंवारता रोज. निष्कर्षांत एक वाक्य होतं: रोपांच्या मृत्यूचं प्रमुख संभाव्य कारण म्हणजे या मळईवरचा मनुष्यांचा रोजचा वावर. शिफारस अशी की संपूर्ण मळई, उत्तर आणि दक्षिण, पाच वर्षं जाळ्या लावून बंद करावी आणि त्या काळात दोन्ही भागांत लागवड करावी.

मी अहवाल तयार करणाऱ्या कार्यालयात फोन केला. पलीकडे एक तरुण, सभ्य आवाजाचा अधिकारी होता.

"रोपं पातळीमुळे मेली," मी म्हणाले. "मी शेऱ्यांत लिहिलंय."

"शेरे विश्लेषणात येत नाहीत मॅडम, तो मजकूर असतो. आम्ही रकाने घेतो."

"पण बायकांमुळे एकही रोप मेलेलं नाही. त्या उत्तरेकडे जातही नाहीत."

"वावर 'रोज' असं तुम्हीच नोंदवलंय. ती नोंद चुकीची आहे का?" कागद उलटल्याचा आवाज आला. "चुकीची असेल तर सांगा. मग तुमची पूर्ण पाहणी रद्द धरावी लागेल. ते दोनशे चौदा पण. तुमच्या नोकरीच्या ठिकाणी तसं कळवावं लागेल."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. पाण्याचा आवाज येत होता.

"मॅडम?"

"नाही," मी म्हणाले. "नोंद बरोबर आहे."

पुढच्या वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, मी पालशेवाडीला गेले. कामाने नाही. घवाळींनी नोकरी सोडली होती. धक्क्यावर एक मोठा फलक होता: 'जागतिक हवामानासाठी गावाचा सहभाग'. त्याच्या खाली मी काढलेला फोटो होता. चौदा बायका, टोपल्या, मागे खाडी. उजवीकडचे दात नसलेली बाई डावीकडून हसत होती.

मळईभोवती निळी जाळी होती. जाळीने गाळ अडवला होता आणि चिखल मऊ, काळपट झाला होता. चौदांपैकी नऊ घरच्या बायका आता काजूच्या कारखान्यात सोलायला जात होत्या. बाकीच्या रोजावर शेंगा रोवत होत्या. द्वारकाबाय त्यांच्यात होती. एका हातात शेंगांचा भारा, दुसऱ्या हाताने ती खुणेच्या दोरीपाशी एकेक शेंग खोचत होती. मला पाहून तिने हात वर केला आणि जाळीतल्या फटीतून मला आत घेतलं.

"चपला काढल्यास? शिकलीस," ती म्हणाली.

मी तिला सांगायला आले होते. गाडीत वाक्यं जुळवली होती. "मावशी, त्या अहवालात..."

"ते राहू दे गो," ती म्हणाली. "आमचंच चुकलं. मला ठाऊक हाय. राखण मोडली आम्ही. पोरांवर पाय दिला. गंगूआत्या त्याच दिवशी म्हणाली होती, खाडी हे विसरणार नाय. मी ऐकलं नाय. मी खुंट उपटला, माझ्या हाताने." तिने शेंग खोचली, अंगठ्याने चिखल दाबला. "गंगूआत्या श्रावणात गेली. जाताना पण माझ्याशी बोलली नाय."

"तसं नाही मावशी. त्याचा काही संबंध नाही."

"नाय कसा? आदल्या दिवसापर्यंत सगळं बरं होतं." मग ती थांबली. मला वाईट वाटत असेल असं तिला वाटलं असावं, कारण तिने चिखलाचा हात माझ्या मनगटावर ठेवला. "तू नको मनाला लावून घेऊ. तुझा काय दोष? तू म्हणाली होतीस, दिसेल ते लिहीन. तसं लिहिलंस ना? खरं?"

तिचा हात थंड होता. भरती यायला तासभर होता.

"हो," मी म्हणाले.

"मग झालं तर."

ती पुढच्या खुणेकडे सरकली. तिच्या मागे शेंगांची रांग दूर जाळीपर्यंत गेली होती. सरळ, सारख्या अंतरावर. गावाच्या बाजूला फुटलेल्या बांधाच्या आत पाणी चमकत होतं. तिथे कुणी काही लावलेलं नव्हतं.

"मोजायला आलीस?" तिने पाठमोरीच विचारलं.

"नाही."

"मोज की. एवढी लांबून आलीस. आज सगळ्या हिरव्या हायत."

मी रांगेच्या टोकाशी गेले. एक, दोन, तीन. सगळ्या हिरव्या होत्या.